डुगडुगती खुर्ची

मिलवॉकीत जानेवारीत
खिडकीच्या आतल्या बाजूलाही बर्फ धरतो.
रविवारी चर्चहून आल्यावर
आई ओव्हनचं दार उघडंच टाकते, तेवढीच ऊब,
आणि आम्ही अकरा माणसं
नऊ खुर्च्यांवर बसतो.

क्विंटननं हायडीला आणलं तो रविवार मला आठवतो.
हर्शेलमामानं स्वतः उठून तिला खुर्ची दिली,
उशीवाली.
अर्नेस्टीन मावशी म्हणाली, किती गं बारीक तू, घे,
आणि चीज-मॅकरोनीचा कडेचा खरपूस तुकडा,
ज्यासाठी आम्ही भावंडं एकमेकांचे केस उपटायचो,
तिच्या ताटात गेला.
मन जुळलं की झालं, मामा म्हणाला,
रंगाचं काय घेऊन बसायचं.
सगळे हसले. मीही हसले.
हायडी चांगली आहे. तिच्याबद्दल नाहीये हे.

तेव्हा मी चौतिशीची, एकटी,
आणि जेवताना तोंडी लावायला
माझंच एकटेपण असायचं.
फार शिकलीस. फार ताडताड बोलतेस.
जरा नमतं घे, व्हर्निस.
ज्यांच्यापुढे नमायचं ते राहतात कुठे,
हे मात्र कुणी सांगितलं नाही.
क्विंटनचा मित्र डेस्मंड तर तोंडावर म्हणाला,
तुमच्यासारख्या बायकांशी बोलायचं
तर सोबत वकील लागतो.
ज्याला आमच्याच आयांनी भरवलंय, तो.

मग काझ.
शहराच्या दक्षिण भागातला, पोलिश आजोबांचा नातू.
आमच्या शाळेचा बॉयलर बंद पडला होता,
माझ्या वर्गात सव्वीस मुलं कोट घालून बेरीज शिकत होती,
आणि तो तळघरातून वर आला, कोपरापर्यंत काजळी.
मी त्याला हात धुवायला बेसिन दाखवलं.
एवढंच. बाकीचं सावकाश.

नोव्हेंबरात त्याला घरी आणलं.
हातात जॅम भरलेल्या डोनटांचा डबा,
झाकणाला साखर चिकटलेली.
टेबलावरचे चमचे एकदम गप्प झाले.
उशीवाल्या खुर्चीवर मामा होता. उठला नाही.
काझला मिळाली कोपऱ्यातली,
जिच्या एका पायाखाली आम्ही
घडी घातलेलं वीजबिलाचं पाकीट सरकवतो.
त्या दिवशी पाकीट नव्हतं.

पाणी आणायला उठले तर मामा दारात आडवा.
तुझी पणजी मिसिसिपीत कुणाच्या घरी भांडी घासायची?
तिचं पहिलं पोर उजळ का निघालं?
विसरलीस?

नाही, मामा.
तिची ती एकुलती एक तसबीर
मीच फ्रेम करून आणली.
तुझा हा थरथरणारा हात खरा आहे, दिसतोय मला.
पण हायडी आली त्या दिवशी
तो सगळा इतिहास कुठे जेवायला गेला होता?
क्विंटनच्या वेळी बाहेर बर्फात उभा राहतो, शहाण्यासारखा,
आणि माझ्या वेळी कोट न काढता आत येतो,
थेट माझ्याच मांडीवर बसतो?

मामानं दार सोडलं. बोलला काही नाही.

आणि हेही सांगते, उगाच एका बाजूचं नको:
काझच्या आईनं पहिल्याच भेटीत
न विचारता माझ्या वेण्यांत बोटं घातली.
म्हणाली, अय्या, हे धुता पण येतात?
मूग गिळायची सवय
मला दोन्ही घरांत कामी येते.

जेवणं उरकली. आई पातेलं खरवडत होती.
मागे न बघताच म्हणाली,
तो दुरुस्तीचं काम करतो ना?
पुढल्या खेपेला येताना गोंद आणू दे. त्या खुर्चीला.

तिच्या परीनं हा होकारच होता, कळलं मला.
पण हायडीला कुणी
काही दुरुस्त करायला सांगितलं नव्हतं.
ओठांवर आलेलं तिथेच ठेवलं.
बाहेर अर्नेस्टीन मावशीच्या हनुवटीवर साखर होती
आणि डब्यात एक डोनट कमी.

मी काझला उठवलं,
त्याच्या जागी बसले,
आणि डुगडुगत राहिले, मुद्दाम,
टकटक, टकटक,
मामाला ऐकू जाईल इतपत.