आवाज दोनदा यायचा

मे महिन्यात मोहटोल्यात
दहानंतर पाखरंही बोलत नाहीत.
त्या वर्षी बाजार बंद, शाळा बंद,
आणि पोट्ट्यांनी घरोघरी आयांचं डोकं खाल्लेलं.
दामिनी म्हणाली, शिबिर घेऊ. मोबाईलवर.
प्रज्योत म्हणाला, पोट्टे एकोणीस, मोबाईल सहा,
त्यातला एक सरपंचाचा, तो फक्त सकाळी मिळतो.

दोन दिवस हिशेबात गेले.
दीड जीबीत चित्र बंद ठेवलं तर किती तास,
कोणाच्या ओसरीत किती जण, किती अंतरानं.
पायलीत मोबाईल उभा केला की आवाज घुमतो
हा शोध अनूचा. वय अकरा.

पहिला वर्ग पोहण्याचा.
तलावावर जायला बंदी,
म्हणून बाजेवर पालथं पडून हात मारायचे, पाय मारायचे,
आणि लोकेश तिकडून ओरडायचा,
'श्वास घे बे, बुडशीन!'
अनूच्या शेजारणीनं आशाताईंना बोलावून आणलं,
पोट्टीले झटका आला म्हणून.

निकेश कन्नाकेचं नाव आमच्या यादीत नव्हतं.
तो आईबापासोबत तेलंगणात मिरची तोडायला गेलेला
आणि सहा रात्री चालून परत आलेला.
गावानं त्यांना शाळेत ठेवलं, चौदा दिवस.
फाटकाला बाभळीच्या काट्या लावल्या.
त्या काट्या माझ्या बापानं तोडून आणल्या होत्या.
हे मी शिबिरात कुणाला सांगितलं नाही.
सगळ्यांना माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी एक नंबर वाढला.
कॅमेऱ्यात आमचाच वर्ग,
फळ्यावर मार्चची तारीख, अर्धवट पुसलेली,
सुविचाराची जागा रिकामी.
'मी तं शाळेतच आहो,' निकेश म्हणाला,
'गैरहजर तुमीच.'

तू काय शिकवशील, विचारलं.
मले काही येत नाही, म्हणाला.
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग म्हणाला, तेलुगू आकडे येतात. वजनापुरते.
ओकटि. रेंडु. मूडु.
बाजेवर, ओसरीत, सांदवाडीतल्या लिंबाखाली
एकोणीस पोट्टे मोजू लागले.
दहावर तो थांबायचा.
दहाच्या पुढचं मुकादम मोजायचा.

हाताला तिखट असलं की
डोळा खांद्यानं कसा पुसायचा
तेही त्यानं करून दाखवलं.
दामिनीनं वहीत लिहिलं: हस्तकला.

आमचं घर शाळेच्या पाठीमागं.
त्यामुळे त्याचा आवाज मला दोनदा यायचा.
आधी खिडकीतून, काट्यांवरून, साधा.
मग कुठल्या कुठल्या टॉवरवरून फिरून
मोबाईलमध्ये, चिरका, दमलेला.
मधे एक श्वासाएवढी जागा असायची.
त्या जागेत मी म्यूट होऊन बसायची.

शेवटच्या रात्री शेकोटी ठरली होती,
चव्वेचाळीस अंशात. प्रत्येकानं घरी एक काडी पेटवायची,
मोबाईलसमोर धरायची. इतकंच.
लोकेशची मिशी जळाली असती, पण ती अजून आली नव्हती.
तेवढ्यात वावधान सुटलं,
लाइट गेली, रेंज गेली,
सगळ्यांचे चौकोन काळे झाले.

अंधारात शाळेच्या खिडकीतून आलं, ओकटि.
एकदाच आलं.
टाकीकडून कोणीतरी म्हटलं, रेंडु.
मग अनूच्या सांदवाडीतून,
मग लांबून, बहुतेक प्रज्योत, चुकीचा आकडा.

सकाळी बापानं फाटकावरच्या काट्या काढल्या.
एक त्याच्या तळहातात मोडली.
मी त्याचा हात मांडीवर घेऊन
सुईनं कोरत बसले, तोंडातल्या तोंडात मोजत.
'हे कुठं शिकली व?' बापानं विचारलं.
शाळेत, म्हटलं.
हात हलवू नको.