आयर्विनवर किती?

बरणीला रबरबँड लावलाय,
पिठाची पातळी आत्ता जिथं आहे, बरोबर तिथं.
रात्रीचे साडेदहा. वहीत नोंद केली.
सवय जात नाही.

तीस वर्षं पाटबंधारे खात्यात
मी कृष्णेची उंची वाचली,
छत्री मानेत धरून, बॅटरीच्या उजेडात,
दर तासाला फूट आणि इंच.
सगळी सांगली एकच विचारायची,
आयर्विनवर किती?
चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका.
न्हावी विचारायचा, भाजीवाली विचारायची,
मयताला आलेले लोकसुद्धा
खांदा बदलता बदलता विचारायचे.

आता विचारते फक्त इंदुमती, तीही झोपेत,
"किती झालं?"
रबरबँडच्या वर अर्धा इंच.
"मग झोपा."

पाव मला मुजावरनं शिकवला.
खणभागात त्याची भट्टी.
दिवाळीच्या तोंडावर आम्ही तिथं रांगेत बसायचो
पत्र्याच्या ट्रेवर नानकटाया मांडून.
ज्याची त्याची खूण वेगळी.
चौगुले वहिनींच्या चारोळीच्या,
आमच्यावर काट्याच्या तीन रेघा,
देशिंगकरांच्या बिनखुणेच्या, तरी ओळखू यायच्या,
तुपाला हात आखडलेला असायचा.

मोठ्या पुराच्या वर्षी
मी पुलावर आकडे वाचत होतो
आणि आकडे माझ्याच घरात शिरत होते.
कुठल्या फुटाला आमचा उंबरा,
कुठल्याला ओटा, कुठल्याला फडताळ,
मला पाठ होतं.
मी फोनवर आकडा सांगितला.
आवाज हलला नाही म्हणे.
इंदुमतीनं माळ्यावर काय काय नेलं?
गॅसचं पुस्तक, सासूबाईंचा फोटो,
आणि तो गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन,
काच आधीच तडकलेला.
मी नंतर विचारलं, हाच का गं?
म्हणाली, हाताला लागला.

पाणी उतरलं.
गल्लीला गाळाचा वास, ब्लीचिंग पावडरचा,
भिजून काळ्या पडलेल्या गाद्यांचा.
बाविसाव्या दिवशी मुजावरनं भट्टी पेटवली.
लाकडं ओली. आधी नुसताच धूर.
मग पाव भाजल्याचा वास
खराट्यांच्या आवाजातून वाट काढत आला
आणि खराटे थांबले.
चौगुले वहिनी यीस्टचं काही शिवत नाहीत,
चातुर्मासात तर नाहीच नाही,
पण त्याही दारात येऊन उभ्या राहिल्या.
म्हणाल्या, वासाला काही दोष नसतो.

त्याच आठवड्यात मी त्याला म्हटलं, मला शिकव.
"साहेब, ऊब लागते आणि सबुरी लागते.
बाकी काय, पीठ आणि पाणी."
पाणी किती?
तो कणकेच्या हातांनी कपाळ पुसत हसला.
"हे तुम्ही मला विचारता?"

पहिले चार पाव विटेसारखे झाले.
पाचवा गाईनं खाल्ला.
सहाव्याचा बूड त्यानं बोटानं वाजवून बघितला,
कलिंगड बघतात तसा,
आणि काही न बोलता
सुरी मागितली.

आपल्या भाषेत नदी फुगते
आणि पीठही फुगतं.
एवढी एकच गोष्ट मला जमायला वेळ लागला.
बरेच महिने मी 'फुगलं' म्हणत नव्हतो,
'वर आलं' म्हणायचो.

पहाटे पावणेपाच.
विरजण रबरबँडच्या दुप्पट.
झाकण काढलं तर आंबूस, कोमट वाफ,
काचेला आतून टेकलेले बुडबुडे.
मला राहवलं नाही.
आत जाऊन म्हटलं,
इंदू, चढलं.

ती ताडकन उठून बसली.
दोन्ही पाय वर घेतलेले,
उशीखालची पिशवी छातीशी.
मी तसाच उभा, हातात बरणी.
तिनं बरणीकडे बघितलं, मग माझ्याकडे.
"पिठाचं सांगताय होय."

मग पाय खाली सोडले.
आधी एक,
फरशीचा अंदाज घेत.
मग दुसरा.
"ओव्हन लावा," म्हणाली.