वेळापत्रकात नसलेला थांबा

एकतीस वर्षं मी वस्तीची गाडी चालवली.
रात्री साडेनऊला वेळणेश्वर, पहाटे पाच वीसला परत.
मागच्या लांब बाकावर झोपायचो,
पाचला कुणीतरी काच वाजवायचं,
डोक्यावर मासळीची पाटी, नाहीतर काखेत तापलेलं पोर.
त्यात कोठ्याला कोण विचारतो?

तो मात्र मला विचारायचा.
पालशेतच्या उतारावर, नेमकी वळणातच
कळ यायची.
मी म्हणायचो, जरा कळ काढ.
काढायचा बिचारा.
शृंगारतळीला पुन्हा यायचा, जरा हळू आवाजात.
चिपळूणला स्टँडवरच्या त्या दाराशी गेलो की
आतला वासच मला परत पाठवायचा.
मग कॅन्टीनचा वडा, दोन चहा,
पाणी घोटभर.

ओ मिळाली नाही की माणूस
कधीतरी हाक मारायचं सोडतो.
माझा कोठा भांडला नाही.
नुसता बसला,
ओहोटीला गाळात रुतलेल्या होडीसारखा.

निवृत्तीला नारळ मिळाला, शाल मिळाली,
आणि सकाळ मिळाली, अख्खी.
तिचं काय करायचं ते ठाऊक नव्हतं.
पेपर घेऊन तासभर आत बसायचो,
बाहेरून वनिता विचारायची,
"आत वस्तीला आहात काय?"

आरोग्य केंद्रातली डॉक्टर, घाटावरची पोर,
माझ्या मुलीहून लहान.
चूर्णाची बाटली तिनं उचलून बाजूला ठेवली.
"काका, पाणी किती पिता? चालता किती?
इच्छा झाली की लगेच जाता का?"
इच्छा!
हा शब्द असल्या कामाला लागतो
हे मला साठीत कळलं.
"न्याहारीनंतर रोज एकाच वेळी बसा.
जोर करू नका, पेपर नेऊ नका,
पायाखाली काहीतरी उंच घ्या.
आणि रक्त दिसलं तर लाजून घरी राहू नका."

चहातली बटरं बंद झाली.
उकड्या तांदळाची पेज आली, नाचणीची भाकरी,
अळू, केळी, सुरणाच्या फोडी.
संध्याकाळी खाडीपर्यंत चालणं.
पायाखाली घ्यायला मी पाट उचलला
तेव्हा मात्र वनिता आडवी आली:
"आपल्या लग्नातला आहे तो!"
शेवटी वेल्हाळ सुतारानं फळकुटांचा करून दिला,
कशाला हवा ते न विचारता.

तीन आठवडे काही नाही.
मग एका सकाळी, पेजेची वाटी अर्धी असताना,
अगदी हळू, खात्री नसल्यासारखी
हाक आली.
मी वाटी तशीच ठेवली.

पुढचं सांगत नाही.
एवढंच, की त्या दिवशी बांधावरच्या माडाचं
बारा वर्षांचं भांडण
मी आपण होऊन मिटवलं.

आणि ओट्यावर बसल्या बसल्या
शिगवणबाई आठवल्या.
नऊ वर्षं माझ्या गाडीवर कंडक्टर.
डबा आणायच्या, बाटली कधीच नाही.
"पाणी नको, म्हणजे प्रश्न नको," म्हणायच्या.
मी काजूच्या आडोशाला उभा राहून यायचो
आणि मनात म्हणायचो, काटक बाई आहे.
काटक!
आरशात रोज दिसायच्या मला,
सीटच्या कडेवर अर्धवट टेकलेल्या.

आमचं घर रस्त्यालाच लागून.
संडास मागे, माडाच्या आळ्यापलीकडे.
कडी नवी बसवली, दिवा लावला,
बादली रात्रीच भरून ठेवतो.

आता सकाळची गाडी खालच्या वळणावर
एक हॉर्न देते आणि दारात थांबते.
शिगवणबाई उतरतात.
ड्रायव्हर समुद्राकडे बघतो.
उतारू काही विचारत नाहीत,
परवा एकीनं, पाटी खाली ठेवून,
"मीपण जाऊन येऊ?" म्हटलं.
सात मिनिटं जातात.
कागदावर ती कुठेच नाहीत.

हल्ली त्यांच्या खांद्याला, तिकिटाच्या मशीनशेजारी,
पाण्याची बाटली लटकते.
चढताना ती दारावर आपटते,
आणि मग
दोन घंट्या.