पाचवी पायली

नव्या काट्यावरचा पोरगा पावती फाडताना थांबला.
"काका, केरबा म्हणजे काय हो?"
सांगलीच्या हळद पेठेत एकतीस वर्षं तोलतोय मी,
राजापुरी, सेलम, कणी, गठ्ठा,
हात कितीही धुतले तरी नखं पिवळी ती पिवळीच,
पण हे कुणी विचारलं नव्हतं.
"देवाचं नाव आहे," म्हणालो.
खोटं बोललो. पुढचं पोतं घेतलं.

खरं मलाही अर्धंच माहीत होतं.
आईला विचारलं की ती फुंकणी उचलायची,
पेटलेल्या चुलीतही फुंकत बसायची.
केर म्हणजे झाडून काढतात तो,
एवढं शाळेनं शिकवलं.
हजेरीला माझं नाव आलं की मागचा अख्खा बाक
खराटा मारल्यासारखे हात हलवायचा.

रविवारी तासगावची एसटी, तिथून वडापनं सावळज.
जैतूनबी पिंजारी अजून आहे.
डोळे गेलेत. धनुकली आढ्याला टांगलेली,
तातीवर कोळ्याचं जाळं.
आवाजावरून ओळखलं नाही तिनं.
डोकं चाचपलं, मागची खोक सापडली.
"केरू रं!
उकिरड्यावरचं खापर लागलं व्हतं तुला हितं."

"तुज्या आदी तिगं.
राजाराम. द्वारका.
तिसरं बारशापतूर बी टिकलं न्हाय.
चांगलं नाव ठेवायचं, की त्येला ऐकू जायाचं."
कुणाला, ते सांगितलं नाही. हात झटकला नुसता.
"म्हून तुज्या आयनं तुला सुपात घातलं,
दिवेलागणीला उकिरड्यावर ठेवलं
आन पाठ फिरवून चालाय लागली.
मागं बगायचं नसतंय.
मी टपूनच व्हते. उचलला.
पदराचा कापूस नाकात गेला, तसा शिंकलास.
म्हनलं, ह्यो ऱ्हातोय."

दुसऱ्या दिवशी आई तिच्या दारात आली,
बाजाराला यावं तशी.
पोरगं काळं हाय, किडकं हाय,
पाच कशाच्या, तीन पायल्या देईन.
"रडत व्हती आन भाव पाडत व्हती," जैतूनबी म्हणाली.
"शेवटाला पाचच ठरल्या. शाळू.
चार दिल्या, पाचवी सुगीला देते म्हनली.
सुगी आली, गेली.
मी बी मागितली न्हाय."

मी पिशवी पुढं केली.
कानावर आलं होतं काही, अगदीच मोकळा गेलो नव्हतो.
पायलीचे किलो किती, यावर पेठेत अजून भांडणं होतात;
मी चार धरले होते.
तिनं बोटं बुडवली, एक दाणा हिरडीखाली चिरडून बघितला,
सुनेकडून मापटं मागवलं,
आठ वेळा भरलं, आठ वेळा ओतलं,
मग त्यातली एक मूठ उचलून
माझ्या सदऱ्याच्या खिशात कोंबली.
"हिशेब फिटला की माल उचलायचा आसतोय.
एवढी बाकी ऱ्हाऊ दे."

उकिरड्याच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे.
तिथून आमच्या जुन्या दारापर्यंत चालून बघितलं.
एकशे बारा पावलं.
मागं न बघता चालायला गेलो,
चाळिसाव्यालाच मान वळली.
दुकानदार विचारत होता, रिचार्ज पायजे का.

सोमवारी पेठ उघडायच्या आधी
ती मूठ काट्यावर ठेवली.
लाल आकडे हलले नाहीत. शून्य, शून्य, शून्य.
पोरगा हसला. "काका, पन्नास ग्रॅमच्या खालचं
ह्याला कळतच नाही."
दाणे वेचून परत खिशात घातले.
दोन फळीच्या फटीत गेले, ते राहू दिले.

तेवढ्यात फाटकाशी लॉरी लागली
आणि हमालानं वरूनच हाळी दिली,
केरबाऽऽऽ
साऱ्या यार्डाला ऐकू जाईल अशी.
मी ओ दिली.