कारणाचा रकाना

पहाटे चारला गुहागरच्या वाळूवर आम्ही एकशे साठजण होतो,
कपाळावर दिवे, पाठीला पाण्याच्या पिशव्या,
आणि समुद्र दिसत नव्हता, नुसता घासत होता.
आता ऊन कलतीला लागलंय
आणि माझ्या मागे एकच माणूस उरलाय:
दौलत भुवड, खुणेच्या फिती सोडवत येणारा.

शर्यतीत त्याचं काम तेवढंच.
शेवटच्याच्या मागून चालायचं, वाट पुसत यायचं.
करवंदीची फीत सोडवली, पिशवीत कोंबली.
काजूची सोडवली.
मी जिथून आले तिथून कुणी आलं होतं
याला आता पुरावा नाही.

बावीस वर्षं मी चिपळूण स्टँडवर वाहतूक नियंत्रक.
काचेच्या खोलीत बसून दुसऱ्यांचे उशीर लिहिते.
गाडी नंबर, सुटली, पोहोचली, उशीर, कारण.
कारण: टायर.
कारण: घाटात ट्रक आडवा.
कारण: पालशेतला म्हशी.
ड्रायव्हर खिडकीशी येऊन सांगत राहतात,
मी मान वर करत नाही.
आज छातीवर एकशे बारा नंबर लावून
अठ्ठेचाळिसाव्या किलोमीटरला
मीच पंचवीस मिनिटं मागे.

हेदवीच्या चढाला मांड्यांनी संप पुकारला होता.
बोलणी फिसकटली.
वर जुलेखा मुकादमचं टेबल:
मीठ घातलेलं कोकम, उकडलेली रताळी, पेज.
ती म्हणाली, खुर्ची देत नाही गो,
बसलीस तर उठायची नाहीस.
पेज उभ्यानेच प्यायले. हनुवटीवरून ओघळली,
तिने आपल्या ओढणीने पुसली. विचारलं नाही.

सड्यावरचं गवत कापून नेलेलं.
राहिलेल्या कुसळांनी मोजे शिवून टाकले, पायांसकट.
जांभा दुपारभर प्यालेलं ऊन
आता बुटांतून वर परत देतोय.
अंगठ्याचं नख केव्हाच गेलंय,
मला कळवायचं फक्त राहिलंय.

लेस बांधायला टेकले तेव्हा दिसलं,
खाली कातळात कोरलेला माणूस.
कंबरेच्या वर काहीच नाही.
दोन पाय, पावलं बाहेर वळलेली.
डोकं, हात, छाती
कुणी काढायची विसरलं
किंवा गरज वाटली नाही.
मी त्याच्या पोटरीवर बसले होते.

दौलत पंधरा पावलांवर थांबला.
"दमानं, बाय. माजी काय घाई नाय.
तुमी पुडं, तर मी मागारी."
या फिती त्यानेच बांधल्या होत्या, दोन दिवस खपून.
अकराशे चाळीस.
आता सोडवतानाही मोजतोस का?
"कशाला? वाट तीच."

घड्याळ मनगटावर होतं.
मी बाही खाली ओढली.
किती वेळ बसले ते मला माहीत नाही,
आणि हे वाक्य माझ्या तोंडी
नोकरीत कधी आलेलं नाही.

उतारावर अंधार पडला.
माझा दिवा पहाटेच संपलेला.
दौलतने मागून बॅटरी धरली
आणि माझ्यापुढे माझी सावली पडली, नुसते पाय,
लांबच लांब, झपाझप,
कंबरेच्या वरचं सगळं काळोखात गेलेलं.
पलीकडे जयगडचा दिवा फिरत होता.
मी त्या पायांच्या मागून धावले.
हो, धावले.
दौलत म्हणाला, आता गे?

तवसाळच्या जेटीवर कमान उतरवून झाली होती.
पोरं खुर्च्या एकात एक घालत होती,
त्यांतली एक पुन्हा बाहेर काढून मला दिली.
फेरीबोट पलीकडे जाऊन विसावलेली.
शेवटची फीत जेटीच्या खांबाला.
"ही तुमी सोडवा."
बोटं सुजलेली, गाठ सुटेना.
दातांनी सोडवली. खारट लागली,
माझ्या घामाने की खाडीने, काय माहीत.

मग सवयीने तळहातावर, बॉलपेनने:
पोहोचली: सात एकोणीस.
उशीर: एकोणीस मिनिटं.
कारण:

"काय ल्हिताव?"
कारण लिहायचंय.
"कसलं?" दौलत म्हणाला,
आणि पिशवीचं तोंड बांधायला लागला.