वीस असतील तर एक

दुधाच्या पिशवीत, ओल्या पेपरात गुंडाळून
बाईंसमोर ठेवल्या अकरा काड्या गवताच्या.
खोलीत डांबरगोळ्यांचा वास. पंखा बंद,
चालू केला तर शंभर वर्षांपूर्वीची पानं उडतात म्हणे.

उपळेकर बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला.
"घोलप, ही नुसती डोकी. पाय कुठंत?"

मी मीटर रीडर. वडकी, फुरसुंगी,
दिवेघाटाखालच्या वस्त्या माझ्याकडे.
दोन मीटरांच्या मध्ये कधी अर्धा कोस माळ लागतो.
पँटीला चिकटलेलं पारावर बसून काढायचं
एवढीच माझी विद्या.

"कुसळी," त्या माझ्या मोज्याकडे बघून म्हणाल्या.
नमुना मी पायात घालूनच आलो होतो.
"हा मारवेल, पेऱ्यावरची दाढी बघा.
हा रोशा. चुरगाळा. हुंगा की!"

मग उलटतपासणी:
मुरूम होता का काळी? उतार कुठल्या अंगाला?
शेजारी कोण? शेळ्या तोंड लावतात?
मला वाटलं होतं, नावं पुस्तकात असतात.

"पेपर रोज बदला.
फुलाचा रंग जागेवरच लिहा,
वाळल्यावर सगळी चहासारखी होतात.
पत्त्यात 'पुण्याजवळ' लिहू नका,
पुणं रोज सरकतंय.
आणि वीस असतील तर एक घ्यायचं.
नसतील तर नमस्कार करून परत यायचं."

अकरावी काडी भिंगाखाली बराच वेळ राहिली.
"ही मला येत नाही," बाई म्हणाल्या,
मी 'मीटर बंद' लिहितो तितक्या सहज.
"तुरा आला की आणा. मुळासकट."

आश्विनात गेलो तर माळावर
फक्कीच्या रेघा, लोखंडी पाट्या, प्लॉट नंबर.
ठकूबाई मेंढरं घेऊन कडेनं चालली होती.
काडी दाखवली. "ही व्हय? मुकी.
वारं सुटलं तरी वाजत न्हाई."

प्लॉट चाळीसमध्ये सापडली.
मोजली. सतरा.
आकड्यावर बोट ठेवून मोजतो तशी पुन्हा मोजली.
सतराच.

नमस्कार करून निघालो, नाक्यापर्यंत आलोही.
तिथं जेसीबी उभा, ड्रायव्हर डबा खात होता.
बाईंना फोन लावला.
त्या इतका वेळ गप्प राहिल्या
की वाटलं रेंज गेली.
मग म्हणाल्या, "खुरपं आहे का जवळ?"
"आणतो ठकूबाईकडून."
"सगळी घ्या."

एक आता कागदावर आहे, दोऱ्यानं टाचलेली.
खाली संकलक म्हणून माझं नाव,
बाईंनी स्वतः लिहिलेलं, काळ्या शाईत.
शास्त्रीय नावाची ओळ अजून कोरी.
'कितपत आढळते' या रकान्यात
मी लिहिलं: सतरा.
त्यांनी खोडलं नाही.

बाकी सोळा माझ्या गॅलरीत, तेलाच्या डब्यांत.
बायको म्हणते, लोक तुळस लावतात.
रात्री हायवेकडून वारा येतो,
शेजाऱ्यांचं पत्र्याचं छप्पर वाजतं, दोरीवरचे कपडे वाजतात.
मी उठून डब्यांपाशी कान नेतो.