कासवाच्या हाताखालून

आठ दिवस आधीच मी वहीत दोन रकाने आखले,
एक पोटांचा, एक तिकिटांचा.
कुडाळहून साडेपाचला निघायचं
म्हणून पेज रात्रीच शिजवलेली, उकड्या तांदळाची,
थर्मासचं झाकण दोनदा तपासलेलं.
नांदगाव तिठ्यावर वेलची केळं, अर्धं अर्धं.
अकराला नाचणीचं सत्त्व, गुळातलं
(साखरेचं केलं की निहार थुंकतो).
एकला मऊ भात
आणि स्वानंदीसाठी मुडदुशे,
काटे काढून, बोटांनी तीनतीनदा चाचपून,
कारण एक काटा म्हणजे अख्खी सहल.

दुसरा रकाना दिगूचा.
मोठी माणसं दोन, दरडोई सातशे.
निहार, दीड वर्ष, फुकट.
स्वानंदी,
आणि पुढे प्रश्नचिन्ह,
पेन फिरवून फिरवून जाड केलेलं.

देवगडच्या सड्यावर, कातळाच्या उघड्या पाठीवर
निळ्या घसरगुंड्या उभ्या आहेत.
फाटकाशी फायबरचं कासव
माणसासारखं दोन पायांवर,
एक हात आडवा धरून.
हाताखालून सहज जाईल ते फुकट,
डोकं लागेल त्याचं अर्धं तिकीट.

आमच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर
पेन्सिलीच्या रेघा आहेत, दर संकष्टीला एक.
रेघ सुतभर जरी वर सरकली
तरी दिगू तिला खांद्यावर घेऊन
माडांना दाखवून आणतो.
तोच दिगू रांगेत तिच्या कानाशी वाकला,
"बाय, गुडघे जरा दुमड हां."

तिने त्याच्याकडे पाहिलं,
मग कासवाकडे.
आणि टाचा उचलल्या.
सकाळी मीच बांधलेली शेंडी
कासवाच्या पंजाला घासली.
"मी मोठ्ठी!"
रांगेतल्या अनोळखी लोकांनी टाळ्या वाजवल्या.
आम्ही दोघं तेवढे गप्प.

खिडकीतली परबीण हसली,
"चेडू मोठा झाला गे तुमचा,"
आणि साडेतीनशेची पावती फाडली.

पुढे पिशव्या तपासणारा पोरगा,
मिसरूड नुकतं फुटलेलं, शिटी गळ्यात.
"भायरचा खाणा चलना नाय. बाळाचा चलात."
म्हटलं, बाळाचंच आहे.
त्याने डबा उघडला, वास घेतला,
स्वानंदीच्या मनगटावरची पट्टी पाहिली.
"तिकीट आसा म्हणजे बाळ न्हय."
पेज सोडली. सत्त्वही सोडलं.
मुडदुशे अडले.

तेव्हा रस्त्यापलीकडे, काजूखाली,
चिऱ्याच्या गडग्यावर बसून
पावणेदहाला आम्ही दुपारचं जेवलो.
वाऱ्यात मीठ होतं, डब्यात थोडी वाळू गेली.
दिगू व्यवस्थापनाला शिव्या देत
भाताची खरवड खात होता.
स्वानंदीने सगळे मासे संपवले,
वरून डब्याचं झाकण चाटलं.
काटा एकही निघाला नाही.
हे वहीत कुठे लिहायचं, मला कळेना.

आत गेल्यावर
बेडकाच्या तोंडातून पडणाऱ्या पाण्याखाली
ती जेमतेम वीस मिनिटं उभी राहिली, डोळे मिटून, तोंड उघडं.
साडेअकराला माझ्या खांद्यावर झोपली
ती ओलीचिंब, अडीच वाजेपर्यंत.
मी छत्रीखाली बसून मनात भागाकार केला,
तासाला किती पडली ही झोप.
निहार, फुकटचा,
संध्याकाळपर्यंत एकाही हौदातून
रडल्याशिवाय बाहेर आला नाही.

रात्री वहीतल्या प्रश्नचिन्हापुढे
दिगूने मुकाट्याने अर्धा लिहिला.
सत्त्व तसंच परत आलं होतं, ते मी प्यायले.
संकष्टी अजून अकरा दिवसांवर होती
पण स्वानंदी जाऊन चौकटीला पाठ लावून उभी,
हनुवटी वर, मनगटावर अजून ती पट्टी,
भिजून अक्षरं गेलेली.
"काढ रेघ."

पेन्सिल टेकवताना मला दिसलं,
टाचा जमिनीवर नव्हत्या.
रेघ मी तिथेच ओढली.